छापलंय तसंच

माझा आवाज चांगला आहे. हे मी स्वतःहून सांगत नाही, लोक सांगतात आणि मी लाजल्यासारखं करते. नागपुरातल्या निम्म्या साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती माझ्या आवाजात आहेत. नाव मधुवंती, त्यामुळे "आईबापाले आधीच माहीत होतं वाटते" हा विनोद हजारदा ऐकून झालाय. वाचनाचं म्हणाल तर मी वाचते कमी आणि वाचल्यासारखं बोलते जास्त. हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

धरमपेठेत आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर इंदुताई राहतात. टपाल खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, घरात बसायला जागा कमी आणि पुस्तकं जास्त. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. म्हणजे भिंत दिसते, माणूस दिसतो, पण अक्षरं दिसत नाहीत. "मुंग्या झाल्या वं सगळ्या," त्या म्हणायच्या. मग रोज दुपारी चार ते पाच मी त्यांना वाचून दाखवू लागले. त्यांनी विनंती केली तेव्हा मी अशी काही फुगले की विचारू नका. त्यांनीच मला वाचक मंडळात नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही माहे डोळे आहे."

या मंडळात दर वर्षी 'पुस्तक की पडदा' नावाचा कार्यक्रम होतो. एक कादंबरी घ्यायची आणि तिच्यावर निघालेला सिनेमा. एकाने पुस्तकाच्या बाजूने बोलायचं, एकाने सिनेमाच्या. नियम दोनच, पण कडक. बोलणाऱ्या दोघांनी आधी एकमेकांशी त्या पुस्तकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि बोलताना हातात पुस्तक नको, कागद नको. जेवढं आठवतं तेवढंच तुमचं, असं मंडळ काढणारे आनंदराव म्हणून गेले आहेत. ते जाऊन दहा वर्षं झाली, पण चिठ्ठी घेऊन उभं राहायची अजून कुणाची हिंमत नाही.

यंदा 'वैनगंगेचं टपाल' ठरलं. इंदुताईंची सगळ्यात आवडती कादंबरी. म्हणून पुस्तकाच्या बाजूने त्याच बोलणार होत्या. सिनेमाच्या बाजूने गोपाळराव, ज्यांनी तीस वर्षं एका टॉकीजमध्ये मशीन चालवलं आणि हा सिनेमा शंभरावर वेळा बघितला. इंदुताईंनी तो एकदाही बघितला नव्हता. "माह्या भागीरथीले दुसऱ्या बाईचं तोंड कशाले लावू?" असं त्यांचं म्हणणं. त्यांची जुनी प्रत कुणीतरी नेऊन बुडवली होती, पुस्तक वाचून पस्तीस वर्षं झाली होती. म्हणून सक्करदऱ्याला राहणाऱ्या त्यांच्या भाचीने, चिन्मयीने, कुठून तरी एक प्रत मिळवून दिली. चारशे दहा पानं. कार्यक्रमाला पंधरा दिवस.

"सगळं वाच," इंदुताई म्हणाल्या. "एक ओळ सोडू नको. स्टेजवर मले पुस्तक धरता येणार नाही, अन् धरलं तरी काय दिसणार हाय?"

पहिली एकशे साठ पानं मी इमानाने वाचली. भागीरथी नावाची बाई, नदीकाठचं खेडं, नवरा वारल्यावर त्याच्या जागी ती टपालघर चालवते, पलीकडच्या काठावरचे मास्तर रोज काहीतरी निमित्त काढून येतात. छान होतं, पण संथ. तिकिटं मोजण्यात एक अख्खं प्रकरण. इंदुताई तिकिटांच्या प्रकरणालाही मान डोलवत होत्या आणि मला जांभया आवरत नव्हत्या.

त्यातच मला काम आलं. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याला टोकनच्या घोषणा हव्या होत्या. 'टोकन क्रमांक एक, कृपया खोली क्रमांक तीनमध्ये यावे', असं एकपासून दोनशेपर्यंत, मराठीत आणि हिंदीत. घसा जपायला सांगितलेला. रोज तासभर मोठ्याने वाचणं परवडणारं नव्हतं. मग मी डोकं चालवलं. सिनेमा मोबाइलवर फुकट होता. कानात इअरफोन खुपसून, दीडपट वेगाने, पोळ्या लाटता लाटता तो बघितला. सिनेमा पुस्तकावरूनच काढतात, मग गोष्ट तीच असणार, असा माझा हिशेब. मी बारावी पास आहे, पदवीही आहे, तरी असा हिशेब केला.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक मांडीवर उघडायचे, पाच-पाच पानं उलटायचे आणि सिनेमातलं आठवून बोलायचे. नुसतं सांगत नव्हते हो, वाचत होते. मध्येच थांबायचे, एखादा शब्द अडखळायचे, 'प्रकरण सतरावं' म्हणायचे. पुस्तकी वाक्यं मला सहज सुचत होती. खोटं काय सांगू, मला मजा येत होती. शेवटच्या दिवशी मी भागीरथीला मास्तरांचं पत्र वाचायला लावलं, पहाटेच्या नावेत बसवलं आणि पलीकडच्या काठावर उतरवलं. आवाज असा लावला की माझ्याच अंगावर काटा आला.

इंदुताई हळूच म्हणाल्या, "मधू, ती पत्र परत पाठवते ना वं? फोडतच नाही. मले तर असं आठवते."

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. शेवटचं पान उघडंच होतं. मान खाली घालून बघायचा तेवढा अवकाश होता.

"नाही ताई," मी म्हणाले. "छापलंय तसंच वाचतेय मी."

"असं का," त्या म्हणाल्या. "मग माहीच गफलत झाली असन. पस्तीस वर्षं झाली." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्म्याचा त्यांना तसाही उपयोग नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. लोक येऊन मला सांगत होते, तुम्ही होत्या म्हणून ताई आज बोलू शकतात, आणि मी "छे हो, काय त्यात" म्हणत होते.

इंदुताई उभ्या राहिल्या. भागीरथीचं घर, टपालाची थैली, तिकिटांचं ते प्रकरण, सगळं त्यांनी असं सांगितलं की मलाच वाटलं, अरे, हे इतकं चांगलं होतं? मग त्या शेवटावर आल्या. "आता मले एक कबूल करायचं आहे," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी मनात एक शेवट धरून बसली होती. भागीरथी ते पत्र फोडत नाही. त्याच्यावर स्वतःच्या हातानं 'घेण्यास नकार' लिहिते, शिक्का मारते, अन् दुसऱ्या दिवशी वेळेवर टपालघर उघडते. मीही नोकरीत असे शिक्के मारले. मले वाटे, ही बाई माही आहे. पण परवा पुस्तक पुन्हा ऐकलं, तर ती नावेत बसून मास्तरकडे जाते. म्हणजे तो शेवट मीच माह्या मनानं लिहिला होता. लेखकाची माफी मागते."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागे कुणीतरी हसलं. गोपाळराव उठले. ते जिंकल्यासारखे उठले नाहीत, कसेनुसे उठले.

"इंदुताई, नावेचं सिनेमात हाय. पुस्तकात पत्र परतच जाते. तुमचं पहिलं बरोबर होतं."

"पण मी ऐकलं ना," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली. "साफ ऐकलं."

मग अध्यक्षांनी, रामाजींनी, माझ्याकडे बघितलं. "मधुवंतीबाई, वाचलं तर तुम्हीच ना? पुस्तकात काय हाय?"

दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि माझ्या त्या चांगल्या आवाजात म्हणाले, "मी तर छापलंय तसंच वाचलं. ताईंची थोडी गल्लत झाली असेल. वयाने होतं."

वयाने होतं! हे दोन शब्द मी वर जोडले, कुणी मागितले नव्हते. त्या रात्री मी शेवटचं पान काढून वाचलं. 'घेण्यास नकार', असंच होतं. ताईंनी स्टेजवर सांगितलं त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. मला स्वतःची इतकी किळस आली की आरशासमोर जाववेना. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन काही बोलले नाही. पोटात दुखतंय असा निरोप पाठवला.

इंदुताईंनी वाचन बंद केलं. "डोक्यातच राहत नाही तर ऐकून काय करू," म्हणाल्या. गॅस बंद आहे का ते चार-चारदा बघू लागल्या. सकाळी फोन करून विचारायच्या, "आज मंगळवारच ना वं?" मंगळवारच असायचा. ज्या बाईला सगळ्या विदर्भातल्या टपालघरांचे पिन कोड तोंडपाठ, ती बाई दुधाच्या पिशव्या बोटांवर मोजू लागली. शेवटी चिन्मयीने धंतोलीत स्मरणशक्तीच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि मला म्हणाली, "तुम्ही चला ना सोबत. मावशी तुमच्यावरच विश्वास ठेवते."

दवाखाना तोच होता. आम्ही बाकावर बसलो आणि वरच्या कर्ण्यातून माझाच आवाज आला, "टोकन क्रमांक एकतीस, कृपया खोली क्रमांक तीनमध्ये यावे." चिन्मयी फाइल करायला खिडकीवर गेली होती. आमचं टोकन छत्तीस होतं.

"डॉक्टर जे विचारतीन ते तू आधी विचारून पाहा मले," इंदुताई म्हणाल्या. मी वार विचारला, महिना विचारला, पाच वस्तू सांगून उलट म्हणायला लावल्या. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. पण त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"सांगू का, मले भीती कशाची वाटते?" त्या म्हणाल्या. "विसरण्याची नाही. विसरतेच माणूस. पण मले ते नावेचं तुह्याच आवाजात ऐकू आलं. पाण्याचा आवाज, पहाट, सगळं. जे छापलंच नाही ते ऐकू येते म्हणजे काय वं?"

"टोकन क्रमांक चौतीस," मी वरून म्हणाले.

"ताई, ते तुम्ही ऐकलं, कारण मी ते म्हटलं," मी खालून म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "एकशे साठ पानांपुढे मी वाचलंच नाही. मी सिनेमा बघितला आणि त्यातलं सांगितलं. पुस्तक वाचतेय असं दाखवून."

त्या हलल्या नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, आणि तसंच असावं असं मनातून वाटतही होतं. मग त्यांनी विचारलं, "पूर येते तेव्हा भागीरथी टपालाची थैली कुठे लपवते?"

"मला माहीत नाही ताई."

"सिनेमात?"

"सिनेमात थैली नाहीच."

"तांदळाच्या कोठीत," इंदुताई म्हणाल्या. "अन् तांदूळ शेजारणीच्या घरी नेऊन टाकते. बरोबर आहे. मले येते सगळं." त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "म्हणजे माहं डोकं चांगलं हाय वं मधू!" त्या खरोखर आनंदाने म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तो हात त्यांनी काढून घेतला.

"अन् हॉलमध्ये रामाजीनं तुले विचारलं तेव्हा तू काय म्हणाली, तेही आठवते मले."

"टोकन क्रमांक छत्तीस," वरून आवाज आला. इंदुताई उठल्या. "चिन्मयीले बोलाव. घरी जायचं हाय."

त्यानंतर आठवडाभर मला बोलावणं नव्हतं. मग एका दुपारी चार वाजता निरोप आला. खाली गेले तर माझ्या खुर्चीवर गोपाळराव बसले होते, मांडीवर 'वैनगंगेचं टपाल'. "तू तिकडे बस," इंदुताईंनी दिवाणाकडे बोट दाखवलं. "ऐक."

गोपाळराव इतकं वाईट वाचतात की काय सांगू. प्रत्येक पूर्णविरामाला खाकरतात, ओळ चुकली की "थांबा, थांबा" म्हणून पुन्हा मागे जातात. पण ओळ सोडत नाहीत. रोज मी दिवाणावर बसून होते. तांदळाच्या कोठीपाशी मला रडू आलं आणि मी ते गिळलं. शेवटच्या दिवशी भागीरथीच्या हातात पत्र आलं, तेव्हा माझं लक्ष इंदुताईंकडे गेलं. त्यांचे ओठ हलत होते. गोपाळराव शब्द शोधत होते आणि इंदुताईंचे ओठ त्यांच्या एक शब्द पुढे होते. पान संपेपर्यंत ते ओठ चुकले नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी ते असं जपलं होतं, आणि माझ्या एका वाक्यावर सोडून दिलं होतं.

गोपाळरावांनी पुस्तक मिटलं.

"रविवारी मंडळ भरणार हाय," इंदुताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या दिशेने बोलत होत्या. "रामाजीले मी सांगून ठेवलं. पहिली दहा मिनिटं तुही. काय झालं ते सांगशील. हातात कागद नको, नियम माहीत हाय तुले."

मी हो म्हणाले. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"अन् आवाज चांगला लाव वं. मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे."