जातेच आहेस तर

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. माझ्या जातीच्या इतरांनी आपापल्या कथा सांगताना, तुमची सेवा करण्यात आम्हाला धन्यता वाटली, असे काहीतरी म्हटले असेल. म्हणोत बापड्या. मला ती धन्यता एका बाईपुरतीच वाटली आणि ही तिचीच गोष्ट आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे नळ्या तापवून जोडल्या जात, त्यांच्यावर रंग चढवला जाई आणि मग त्यांना आकड्यांवर टांगून वाळवले जाई. माझ्या वाट्याला निळा रंग आला. सूर्य बुडाल्यानंतर आणि दिवे लागण्यापूर्वी आकाश थोडा वेळ ज्या रंगाचे असते, तो. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या भडक लाल सायकलीकडे पाहिले तेव्हा, आपल्याला रंगाची जाण असलेल्या हातांनी घडवले आहे, अशी माझी खात्री पटली.

या घरात मला आणले ते थोरल्या मुलीसाठी. ती शाळेत होती तोवर माझे दिवस बरे गेले. ती मला पुसायची, चेनला तेल द्यायची आणि उतारावर पॅडल सोडून गाणे म्हणायची. इमारतीतली माणसे माझ्याकडे पाहून ‘छान आहे हो सायकल’ म्हणत आणि मला हात लावून पाहत. मग ती शिकायला परगावी गेली आणि मला जिन्याखाली लोटण्यात आले. तिथे एक फुटकी बादली होती, एक तीन पायांची खुर्ची होती आणि रंग सुकलेले दोन डबे होते. मी त्यांच्याशी कधी बोलले नाही, कारण बोलण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. टायरमधली हवा एकदम जात नाही, मित्रांनो. ती रोज थोडी थोडी जाते. आपण अजून उभ्या आहोत असे वाटत असतानाच एका सकाळी कळते की आपण जमिनीला टेकलो आहोत.

जिन्याखाली राहण्याचा एक फायदा मात्र असतो. घरात जे बोलले जाते, त्यातले निम्मे आधी जिन्यात बोलले जाते. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घराची मला पूर्ण माहिती होती. घरधनी एका कचेरीत मोठ्या टेबलामागे बसत. त्यांना व्यायामाविषयी बोलण्याचा अतिशय नाद होता. त्या नादात त्यांनी एक सायकल विकत घेऊन झोपायच्या खोलीत ठेवली होती. तिला चाके नव्हती. म्हणजे एक होते, पण ते जमिनीला लागत नसे. कितीही पॅडल मारले तरी ती कपाटासमोरच राही. नात्याने तिला माझी चुलत बहीण म्हणावे लागेल, पण मी म्हणत नाही. घरधनी थोडे दिवस तिच्यावर बसले, मग तिच्यावर टॉवेल बसले.

त्यांचा मुलगा कॉलेजात होता आणि ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आल्याशिवाय उठत नसे. सासूबाईंचे गुडघे दुखत, आवाज मात्र ठणठणीत होता. आणि या सगळ्यांची जी आई, सून, बायको होती, ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करी. दिवसभर स्टुलावर बसून ती लोकांच्या फ्रेममध्ये भिंगे बसवायची. तीळभर आकाराचे स्क्रू ती बाटलीच्या झाकणात काढून ठेवी आणि त्यातला एकही तिने कधी हरवला नाही. संध्याकाळी घरी येताना ती पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून थांबे. तिचा श्वास मला खाली ऐकू येई. वरच्या तिघांना तो कधी ऐकू आला नाही, किंवा आला असेल आणि त्यांना तो कुकरच्या शिट्टीसारखा घरातलाच एक आवाज वाटला असेल.

एकदा ती दवाखान्यातून परतत होती. घरधनी वरच्या कठड्यावरून वाकले.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“साखर काठावर आहे म्हणाल्या. आत्ता आवरली तर आवरेल.”

“गोळ्या दिल्या?”

“अजून नाही. रोज अर्धा तास सायकल चालवा म्हणाल्या. मधे कुठे न थांबता. धाप लागली पाहिजे, घाम आला पाहिजे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार.”

“मग अडचण काय? सायकल आहे की घरात.”

“तिच्यावर तुमचे टॉवेल आहेत,” ती म्हणाली आणि जिन्याखाली आली.

ती बराच वेळ माझ्यापाशी उभी राहिली. मित्रांनो, हा केवळ वजनाचा किंवा हौसेचा प्रश्न नव्हता. तिच्या आईचे डोळे याच साखरेने नेले होते. शेवटची काही वर्षे ती माउली लेकीचा चेहरा बोटांनी चाचपून तिला ओळखत असे. आणि ही लेक आता इतरांच्या डोळ्यांवर पोट भरत होती. तिने माझ्या हँडलवरची धूळ पदराने पुसली तेव्हा तिची बोटेही काही चाचपत असल्यासारखी फिरली. त्या क्षणी मी तिला माझी मानली. तुमच्याविषयीच्या माझ्या मताला तेवढा एक अपवाद.

दुसऱ्या दिवशी तिने मला ढकलत दुरुस्तीच्या दुकानात नेले. नव्या ट्यूब आल्या, ब्रेक बदलले, चेन तेलात भिजली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, घर झोपेत असताना, आम्ही निघालो. सुरुवातीला तिचे हँडल डगमगत होते. एका कुत्र्याने आमच्याकडे पाहून तोंड फिरवले, इतकी आमची दशा केविलवाणी होती. पण बस डेपो मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. डेपोपासून पाण्याच्या मोठ्या टाकीपर्यंत तो सरळ जातो, दोन्ही बाजूंना झाडे आहेत आणि शेवटी हलकासा चढ आहे. त्या चढावर तिला धाप लागली. किती वर्षांनी माझ्या चेनला तो ताण जाणवत होता. टाकीला वळसा घालून आम्ही परतलो. घरी येईतो तिची पाठ घामाने भिजली होती आणि ती दोन मजले कुठेही न थांबता चढून गेली. मी मोजत नव्हते, नुसती ऐकत होते.

हे सुख एक आठवडाही टिकले नाही.

“सूनबाई,” सासूबाई दारातून म्हणाल्या, “जातेच आहेस तर दुधाच्या पिशव्या घेऊन ये. वाटेतच तर आहे दुकान.”

वाटेत होते, हे खरे. मग घरधनी म्हणाले, “अगं, जातेच आहेस तर इस्त्रीचे कपडे टाक. येताना कालचे आण.” मग मुलगा पांघरुणातून म्हणाला, “आई, जातेच आहेस तर माझ्या प्रोजेक्टच्या प्रिंट आण ना. तू बेस्ट आहेस.” मग सासूबाईंच्या गोळ्या, मग पाव, मग घड्याळाचा सेल. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनासुद्धा सुगावा लागला. “वहिनी, जाताच आहात तर आमचंही एक लिटर.”

जातेच आहेस तर. माणसांच्या भाषेतल्या या तीन शब्दांचा मला जितका तिटकारा आहे, तितका गंजाचाही नाही. गंज निदान मागून येतो आणि गुपचूप खातो. हे शब्द समोरून येतात, गोड हसतात आणि हातात पिशवी देतात. मागणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आपण फार थोडे मागितले. खरेच थोडे असते. पण त्या सगळ्या थोड्यांची बेरीज एका बाईच्या अर्ध्या तासाएवढी होते, हे त्या घरात कुणालाही कळले नाही. त्यांतले एक गृहस्थ तर कचेरीत बेरजाच तपासत असत.

आणि मग तिचा वाढदिवस आला. घरधन्यांनी स्वतः, बाह्या सरसावून, माझ्या हँडलवर तारेची एक बास्केट बसवली आणि मागे कॅरिअर.

“बघ,” ते म्हणाले, “आता पिशव्या हाताला काचायच्या नाहीत.”

“छान आहे,” ती म्हणाली.

तिने ‘छान आहे’ हे शब्द ज्या आवाजात उच्चारले, तो आवाज ऐकून माझ्या पुढच्या चाकातली हवा कमी झाल्यासारखे मला वाटले. घरधन्यांना मात्र समाधान वाटले. बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसके बांधतात, तशी ती बास्केट माझ्या तोंडावर बसली. त्या दिवसापासून आम्ही टाकी पाहिली नाही. दूधवाल्यापाशी उतरा, इस्त्रीवाल्यापाशी उतरा, औषधवाल्याचे शटर उघडेपर्यंत उभ्या राहा. धाप लागायच्या आत दुकान यायचे. डेपोपाशी ती कधीकधी थांबून लांब पाही. झाडांच्या शेंड्यांवर टाकीचे गोल डोके दिसे. मग ती घड्याळ पाही आणि मला वळवी.

घरधन्यांचा अभिमान मात्र वाढत चालला होता. पाहुण्यांना पोचवायला ते जिन्याच्या तळापर्यंत येत आणि माझ्या सीटवर थाप मारून म्हणत, “आमच्याकडे हिचा व्यायाम अगदी नियमित आहे हं. बास्केट मीच बसवून दिली. व्यायामाचा व्यायाम, कामाचं काम.” पाहुणे कौतुकाने माना डोलवत. त्या सीटला काटे असते तर किती बरे झाले असते.

तीन महिने झाले. ती दवाखान्यातून आली आणि या वेळी पहिल्या मजल्यापर्यंतही न जाता खालच्याच पायरीवर बसली. घरधनी कचेरीतून परतत होते. त्यांनी तिला तिथे पाहिले आणि बॅग काखेत धरून ते उभे राहिले.

“काय झालं?”

“वाढली.”

“वाढली? असं कसं? तू तर रोज सायकल चालवतेस.”

“मी सायकल चालवत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “मी दूध आणते.”

घरधन्यांनी काखेतली बॅग पायरीवर ठेवली. मला वाटले, समजले. माणसांच्या बाबतीत मी एवढा मूर्खपणा क्वचित करते.

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“आणखी तीन महिने बघू म्हणाल्या. तोवर उतरली नाही तर कायमच्या गोळ्या. आणि डोळ्यांवर लक्ष ठेवायचं.”

“हं. मग उद्यापासून असं कर, थोडी लवकरच निघत जा. आणि येताना फक्त दूध आणि इस्त्रीचे तेवढे आण. बाकी राहू दे.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. रागाने नव्हे. भिंग फ्रेममध्ये नीट बसले आहे की नाही, हे ती ज्या नजरेने पाहत असेल, त्या नजरेने. मग ती वर गेली आणि पाना व बाटलीचे एक झाकण घेऊन खाली आली.

माझ्यासमोर फरशीवर बसून तिने बास्केटचे नट सोडवले, मग कॅरिअरचे. प्रत्येक नट ती झाकणात ठेवत गेली. घरधनी पायरीवर उभेच होते.

“अगं, चांगली मजबूत बसवली होती मी.”

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणूनच वेळ लागतोय.”

मग ती बास्केट आणि झाकण घेऊन वर गेली. बराच वेळ झोपायच्या खोलीतून पान्याचा आवाज येत राहिला. अखेरीस तिचा आवाज जिन्यापर्यंत आला, नेहमीचा, न चढवलेला.

“तुमच्या सायकलला बसवली आहे. टॉवेल आत ठेवलेत. आता लागेल ते तिच्यावरून आणा.”

मुलगा हसला. मग बहुधा त्याला कुणी साथ दिली नसावी, कारण तो एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई जिन्याच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. सवय होती ती, त्यात वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू त्या घरात कुणाचाच कधी नव्हता, आणि म्हणूनच त्यांना माफ करणे मला इतके जड जाते.

“सूनबाई, जातेच आहेस तर...”

“कशात आणू, आई?”

सासूबाईंनी वरूनच माझ्याकडे पाहिले. पुढे काही नव्हते, मागे काही नव्हते. हँडल, सीट, दोन चाके आणि एक बाई. मग त्या वळल्या आणि त्यांचा ठणठणीत आवाज, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच, आपल्या लेकाच्या नावाने निघाला.

“ऊठ रे. दूध आणायचंय.”

आम्ही निघालो. कोपऱ्यावर दूधवाल्याने आम्हाला लांबूनच पाहिले आणि सवयीने दोन पिशव्या उचलून पुढे धरल्या. तिने हँडलवरून एक हात वर केला, त्याला हलवून दाखवला आणि ब्रेकला बोट लावले नाही. डेपो गेला. झाडे सुरू झाली. चढावर तिला धाप लागली, खरीखुरी, आणि तिने ती लागू दिली. टाकीच्या गंजक्या शिडीवर एक पारवा बसला होता. टाकीला वळसा घालताना ती बाई थोडेसे गुणगुणली. ते गाणे थोरल्या मुलीचे होते. ती ते कुणाकडून शिकली होती, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या तपासणीला अजून अवकाश आहे, मित्रांनो. साखर उतरेल की नाही, मला ठाऊक नाही. घरधनी हल्ली दूध आणायला पायी जातात आणि परतताना दम लागला की माझ्या सीटवर हात टेकून उभे राहतात. पिशवीतले थेंब माझ्या मडगार्डवर सांडतात. मी ते सहन करते. काल त्यांनी फडके आणून ते पुसले. माझे मत त्याने बदललेले नाही, पण ते नोंद घेण्यासारखे आहे.

आता माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काही मागायचे असते. तेल द्या, हवा भरा, पावसात ठेवू नका, हे तुम्हाला सांगायला नको. त्याविना मी बरीच वर्षे काढली आहेत. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले कुणी एखाद्या पहाटे सायकल काढताना दिसले, तर पिशवी घेऊन दारात जाऊ नका. दार उघडून धरा आणि बाजूला व्हा.