आखूड दस्त्याची दुनळी

आमची नात ईशिता हिचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे २०१६ सालची ही गोष्ट. हे तेव्हा इथे कॅनडात, ग्वेल्फच्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होते आणि माणसं ओळखत नव्हते. बेसमेंटमध्ये यांची जुनी स्पॅनिश दुनळी बंदूक पडून होती. यांचं लायसन्स संपत आलेलं, म्हणून माझा मुलगा नंदन म्हणाला, "आई, कुणाला तरी दाखवून विकून टाकू."

बंदुकांचा दुकानदार घरीच आला. किचन टेबलावर टॉवेल पसरून त्याने बंदूक उघडली, खिडकीकडे धरून नळ्यांतून पाहिलं. मग नळ्या काढून बोटाला टांगल्या आणि टिचकी मारली. देवघरातल्या घंटेसारखा आवाज आला. तो खूश झाला. पण दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाला, मोजायचा टेप लावल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणतो तो?" मी नंदनला विचारलं.

"दस्ता कापलाय, कुणा बुटक्या माणसासाठी. आता भाव पडला," नंदन म्हणाला. "बाबा तर सहा फुटी. गंडवलं असेल कुणी."

"तुझ्या बाबांना गंडवणारा अजून जन्मायचाय."

माप कसं घेतात ते दुकानदाराने नंदनच्या हातावर दाखवलं. कोपरात हात वाकवायचा आणि तिथून बोटापर्यंत टेप धरायचा. मी खुर्चीत बसले.

नंदन लहान असताना यांनी माझं असंच माप घेतलं होतं. मला वाटलं, थंडीचा कोट. दर ऑक्टोबरला हे बदकांच्या शिकारीला निघताना म्हणायचे, "चल की." मी म्हणायचे, "आधी माझा कोट आणा." मापानंतर काही दिवसांनी ही बंदूक आणली तेव्हा मी दारातच म्हटलं, "आणखी एक? ती ब्याद खाली बेसमेंटमध्ये ठेवा." यांनी ठेवली. कधी वापरली नाही. पुढे मला विचारायचंही सोडलं. कोट कधी आलाच नाही, त्यावरून मात्र मी जन्मभर टोमणे मारले.

"जरा माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

"आई, ते खेळणं नाहीये."

दुकानदाराने बंदूक रिकामी असल्याचं पाहून माझ्या हातात दिली. मी खांद्याला लावली. शिवून आणल्यासारखी बसली.

घरात दुसऱ्या कुणाकडे लायसन्स नव्हतं. दुकानदार बंदूक घेऊन गेला.

संध्याकाळी मी यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "माप कशाचं घेतलंत ते आज कळलं हो. मी तुमच्याबरोबर यायला हवं होतं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

माझे यजमान दीनानाथ २०१७ च्या फेब्रुवारीत वारले.