आजीचे दुखणे आणि माझी खाज

मित्रांनो, मी एक म्हातारा गिनीपिग आहे. नाकाच्या शेंड्यापासून नखांपर्यंत काळा. आमच्या डोंगरात आम्हाला कुई म्हणतात, कारण आम्ही दिवसभर तेवढेच ओरडत असतो. आता डोळ्यांना कमी दिसते, ओरडणेही कमी झाले आहे. पण अंगाची खाज आणि माणसाचे बोलणे या दोन गोष्टी मी विसरलो नाही.

माझा जन्म सातुर्निना आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या उबेत झाला. खाली मातीची जमीन, वर काजळीने काळे झालेले छप्पर आणि मधल्या जागेत आमचा मोठा गोतावळा. लसूणघास, बटाट्याच्या साली, मक्याची पाने, जे पडेल ते आम्ही खायचो. आमच्यातले तांबडे आणि पांढरे सणाला ताटात जात. त्याबद्दल घरात कोणी रडत नसे. काळ्याला मात्र कोणी खात नाही. घरात माणूस आजारी पडला की वैदीण येते आणि काळ्या कुईला त्याच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत फिरवते. दुखणे कुईच्या अंगात उतरते असे सगळे मानतात. मग कुईला चिरून ते दुखणे कुठे बसले आहे ते बघतात. थोडक्यात, रंग कोणताही असो, सुरी चुकत नाही.

माझी चुकवली ती नेलिदाने. ही आजीची नात, शाळेत जाणारी. मी पिल्लू असताना तिने मला स्वेटरच्या आत घातले आणि याना असे नाव दिले. डोंगरातल्या बोलीत याना म्हणजे काळा. नाव ठेवायला तिला फार डोके चालवावे लागले नाही, पण आमच्या गोतावळ्यात नाव असलेला मी एकटाच. मी तिच्या उशाशी खोक्यात झोपायचो आणि दिवसा चुलीपाशी हिंडायचो. तिची आई देल्फिना तिला टोमणे मारायची, की याला शाळेतही घाल, निदान तो तुझ्यापेक्षा कमी बडबडतो.

मग एका हिवाळ्यात आजी आजारी पडली. छाती भरली, खोकला थांबेना. देल्फिनाने वैदीण एउफेमियाला बोलावले आणि तिने मला मागितले. मी आजीच्या अंगावरून फिरलो. तिचे हाडन् हाड मला पोटाखाली लागत होते आणि मला भीती वाटत होती. काम झाल्यावर एउफेमियाने सुरी मागितली, तेव्हा नेलिदाने मला हिसकावून घेतले आणि स्वेटर खाली ओढून ती दारात बसून राहिली. शेवटी आजीच अंथरुणातून म्हणाली की राहू दे, जगू दे त्याला. एउफेमिया काही दुष्ट बाई नव्हती. तिने सुरी परत दिली, पण जाताना बजावून गेली की दुखणे आता याच्या अंगात आहे.

आजी बरी झाली. अंगणात उन्हाला बसून लोकर कातू लागली. आणि त्याच सुमारास मला खाज सुटली.

आता यातले खरे काय ते ऐका. देल्फिनाने बाजारातून कुईंची एक नवी जोडी आणली होती आणि आणल्या आणल्या ती आमच्यात सोडून दिली होती. ती दोघे आली तीच मान खाजवत. पण त्यांच्याकडे कोण बघतो? घरादाराने पाहिले ते एवढेच, की म्हातारी उठली आणि काळा कुई खाजवू लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

मित्रांनो, खाज म्हणजे काय ते तुम्हाला वाटते तेवढे सोपे नसते. आधी मी मागच्या पायाने मान खाजवायचो. मग खांद्यांवरचे केस पुंजक्यांनी गळू लागले. कातडी जाड झाली, तिच्यावर पिवळट खपल्या धरल्या, आणि माझ्याच नखांनी त्या फुटून रक्त येऊ लागले. घास समोर असायचा, पण दोन काड्या चावल्या की पुन्हा खाजवणे सुरू. माझे वजन उतरले. नेलिदा मला छातीशी धरायची, तर तिच्याही हातांवर लाल पुटकुळ्या उठल्या.

तिने आईला औषधाचे विचारले. देल्फिनाने नको म्हणून मान हलवली. एउफेमियालाही विचारून झाले. ती म्हणाली, "याला बरं केलंस तर ते दुखणं जाईल कुठं? जिथनं आलं तिथंच परत जाईल. तुला आजी हवी का हा उंदीर हवा?"

नेलिदाला आजी हवी होती. तिने मला खाली ठेवले आणि औषधाचे नाव काढणे सोडून दिले. मी तेव्हा तिच्यावर फार रागावलो होतो. ज्याचे जळते त्यालाच कळते. पण चुलीच्या एका बाजूला मी खाजवत बसलेला आणि दुसऱ्या बाजूला आजी हसत सूप पीत असलेली, हे रोज बघत त्या पोरीने ते दिवस कसे काढले असतील, ते मला आता समजते.

खाज माझ्यावर थांबली नाही. हळूहळू सगळा गोतावळा खाजवू लागला. एउफेमिया म्हणाली की दुखणे मोठे होते, एकट्याच्या अंगात मावले नाही. त्या बाकीच्यांवर मात्र देल्फिनाने उपाय केला. फडके रॉकेलमध्ये बुडवून तिने एकेकाला पुसून काढले. बिचारीने चांगल्या मनानेच केले. पण रॉकेलने त्यांची कातडी भाजली, ते अंग चाटत राहिले आणि त्यांतले कितीतरी मेले. जे वाचले ते आधीसारखेच खाजवत होते.

एके दुपारी आजीने मला सहज उचलायला हात घातला. तिची बोटे पाठीला लागली मात्र, माझे पाय ताठ झाले, मान मागे गेली आणि मी जमिनीवर तडफडू लागलो. खाज फार वाढली की आम्हाला अशी आकडी येते. आकडी थांबली तेव्हा आजी माझ्याशेजारी जमिनीवर बसली होती. याला काय झालंय, औषध का नाही केलं, असे तिने विचारले. मग नेलिदाने रडत रडत सगळे सांगितले. आजीने ते ऐकून घेतले, शाल घेतली, टोपी घातली आणि मला टोपलीत ठेवले. देल्फिना दारात आडवी आली.

"आई, जाऊ नकोस. ते तुझ्या छातीत परत येईल."

"येऊ दे. माझं असलं तर घर ओळखेल," आजी म्हणाली आणि नातीला घेऊन गावच्या गाडीची वाट बघायला निघाली.

तालुक्याच्या गावी जनावरांची एक डॉक्टरीण होती. तिने माझी खपली खरवडून काचेवर घेतली आणि भिंगातून पाहिली. मग आजीला आणि नेलिदालाही पाहायला लावले. कातडीत बिळे करून राहणारे खरजेचे किडे होते ते. आजी बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. डॉक्टरणीने माझे वजन केले, त्या हिशेबाने मानेमागच्या कातडीवर औषधाचे थेंब सोडले आणि नखे कापली. घरातल्या प्रत्येक कुईला असेच वजन करून औषध द्यायचे, जुना घास नि पाचोळा जाळायचा, रॉकेलला हात लावायचा नाही, असे तिने समजावले. मुख्य म्हणजे बरोबर दिलेले औषध काही दिवसांनी पुन्हा द्यायचे. पहिल्या वेळी किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत.

मला उतार पडू लागला. मी पोटभर जेवू लागलो, झोपू लागलो. आणि आजीला खोकला सुरू झाला.

नेलिदाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. दुसऱ्या वेळेचे औषध तिने मक्याच्या कणग्यामागे दडवले. औषधाचा दिवस उलटून गेला. अंडी फुटली आणि माझी पाठ पुन्हा चावू लागली. मी खाजवायला लागलो, तसा तिला धीर आला. आता आजीचा खोकला थांबेल असे तिला वाटले. तो थांबला नाही.

आजीने खाजवण्याचा आवाज ऐकला. तिने नेलिदाला जवळ बोलावले, औषध कुठे आहे ते विचारून घेतले आणि आणायला लावले. तिला उठून बसताही येत नव्हते. नेलिदाने मला तिच्या छातीवर ठेवले. आत घरघर चालली होती. आजीने बोटांनी माझ्या मानेवरचे केस बाजूला केले आणि स्वतः थेंब सोडले.

"ऐक पोरी," ती म्हणाली. "माझी जायची वेळ आली की मी माझ्या पायानं जाईन. या मुक्या जिवाच्या पाठीवर बसून नाही."

नेलिदा तिच्या कुशीत डोके घालून खूप रडली. मी मध्ये चेंगरलो होतो, पण ओरडलो नाही.

मक्याची कणसे भरत आली तेव्हा आजी गेली. माझ्या पाठीवर तोवर नवे मऊ केस आले होते. घर माणसांनी भरले. एउफेमियाही आली होती. तिने मला पाहिले आणि हळूच म्हणाली की बघा, कुई बरा झाला आणि म्हातारी गेली. सगळ्यांच्या नजरा नेलिदाकडे वळल्या. तिचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा देल्फिना चुलीजवळून उठली. तिने मला उचलून लेकीच्या मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझी आई तिच्या पायानं गेली."

नेलिदाने मला स्वेटरच्या आत घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल आणि तो खाजवत असेल, तर नजर लागली, हवा लागली, कोणाचे काय आले, असे म्हणत बसू नका. हाताला लागेल ते अंगाला चोळू नका. नवा पाहुणा आणलात तर काही दिवस वेगळा ठेवा. केस बाजूला करून कातडी बघा आणि डॉक्टरकडे न्या. सांगितले असेल तर औषध दुसऱ्यांदाही द्या. आम्ही कोणाचे दुखणे घेऊन जाऊ शकत नाही. घेता आले असते, तर आजीचे मी घेतले असते.