कोपराची बोली

हिशेबच मांडायचा तर या सगळ्यातून सरांना एकच गोष्ट मिळायची होती: रविवार.

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या मास्तराला रविवार नसतो. सोमवार ते शनिवार तो मुलांचा, आणि रविवारी त्यांच्या आईबापांचा. कुणाला डॉक्टरला दाखवायचंय, कुणाचं घरमालकाशी अडलंय, कुणाच्या घरी दोन भाऊ भांडतायत, त्यातला एक तोंडानं आणि एक हातांनी. मध्ये उभं राहायला सर. वर्षानुवर्षं इकडच्या शिव्या तिकडे वाहून त्यांचे केस पिकले. बायको म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की अख्ख्या गावाशी, एवढं एकदा सांगून टाका."

म्हणून मोठ्या बाईंनी टेबलावर एक टॅब ठेवला आणि "हा हातांच्या खुणा बघून बोलतो म्हणे" असं सांगितलं, तेव्हा सरांच्या चष्म्यामागे काहीतरी लकाकलं.

"वर्षभर वापरून बघायला दिलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवा आणि वर्षाच्या शेवटी पालकांसमोर करून दाखवा."

"मी? अहो, मला घरच्या टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नाही."

"पण गोष्टी सांगता येतात ना? मग झालं."

सरांनी थोडे आढेवेढे घेतले, ते रीत म्हणून. मनातून त्यांनी दुभाषेपणाला कोपरापासून नमस्कार घालून टाकला होता. हेच कोपर पुढे कुणाला तरी महागात पडणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

नववीचा वर्ग छोटा, पण वस्ताद. तिथे कागदावरचं नाव कागदावरच राहतं. खुणांतलं नाव मुलं ठेवतात आणि ते जन्मभर चिकटतं. सतत एक भुवई उडवणारा पोरगा तो ‘भुवई’. सर म्हणजे ‘चष्मा’, नाकावर दोन बोटं टेकवली की झालं. त्यात उद्धटपणा काही नाही. हातांच्या बोलीत अहो-जाहो नसतं, सगळे एका पातळीवर. आणि शेवटच्या बाकावरची ‘ठिणगी’. मिटलेली मूठ झटकन उघडायची, की ती. तिची आई वेल्डिंग करायची, म्हणून.

पहिल्या दिवशी एकेकानं टॅबसमोर उभं राहून काहीतरी सांगितलं. टॅब ते मोठ्यानं बोलायचा आणि पडद्यावर लिहायचा. भुवईनं आधी "भूक लागली" सांगितलं, मग एक अस्सल शिवी दिली. टॅबनं लिहिलं, "हा शब्द मी बोलू शकत नाही." वर्गानं पाय आपटून हसून घेतलं. या मुलांचं हसणं फरशीतून पोचतं.

मग ठिणगी उठली. आपल्या आईबद्दल काहीतरी ती भराभर, मोठ्या हौसेनं सांगत होती.

"समजलं नाही. पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं. टॅबनं पुन्हा तेच लिहिलं. ती जाऊन बाकावर बसली आणि तिनं हात मांड्यांखाली दाबून ठेवले. खुणांनी बोलणाऱ्या माणसानं हात दाबून ठेवले, की समजायचं, त्यानं तोंड मिटलं.

घोटाळा कुठे आहे ते सरांना कळलं. ठिणगीचे आईबाप दोघंही बहिरे, दोघंही वेल्डर. दिवसभर हातात जाड कातडी हातमोजे. त्या मोज्यांत बोटं दिसतच नाहीत, मग बोटांनी बोलायचं कसं? म्हणून बापानं कधीतरी मनगटाची, कोपराची, खांद्याची एक बोली रचली आणि तीच घराची भाषा झाली. पोरगी त्यातच वाढली. शाळेत येऊन ती बोटांनी बोलायला शिकली खरी, पण जीव ओतून काही सांगायचं झालं की कोपर पुढे यायचं. आणि टॅबला बघायला शिकवलं होतं फक्त बोटांकडे.

आता सरांची गोची बघा. सगळ्यांत जास्त रविवार खाणारी बाई म्हणजे ठिणगीची आई. नवरा गेल्यापासून घरमालक, वर्कशॉपचा मालक, शेजारी, तिची सगळी भांडणं लेकीच्या बोटांतून सरांच्या तोंडून व्हायची. तिचं बोलणं टॅबला कळेना, तर रविवार सुटणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सरांनी टॅब कपाटात ठेवला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ला मुलांकडे खूणच नव्हती. खूण नाही, तर शिकवायचं कशात?

"आधी गोष्टी," सर हातांनी म्हणाले. "तुम्ही आज आहात त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठे झालात, अशा दिवसांच्या. प्रत्येकानं एक सांगायची. त्यात यंत्र पाहिजे, आणि त्या यंत्राची एक तरी चूक पाहिजे. बिनचुकीची गोष्ट मी बघणार नाही."

"चूकच का?" भुवईनं भुवई उडवली.

"तू चुकलास की मला कळतं तू काय शिकलायस ते. यंत्राचंही तसंच."

भुवईची गोष्ट अशी: पुढच्या काळात दवाखान्यात यंत्रच डॉक्टर. पण त्याला शिकवताना कुणीतरी फक्त म्हाताऱ्यांचे फोटो दाखवलेले. एक दिवस त्याच्यासमोर कालच जन्मलेलं बाळ आणलं. यंत्र म्हणालं, "दात सगळे गेलेत, केस विरळ झालेत, चालता येत नाही, बोलणंही गेलंय. फार उशीर केलात. कवळी बसवा आणि मुलांना बोलावून घ्या."

वर्गानं इतके पाय आपटले की खालच्या मजल्यावरून शिपाई वर आला. सर हसता हसता चष्मा पुसत राहिले. जी गोष्ट फळा भरून लिहूनही सांगता आली नसती, ती या टवाळानं एका बाळात सांगितली होती.

मग कितीतरी दिवस गोष्टी चालल्या. शेवटी ठिणगी उठली, आणि या खेपेला तिनं कोपरं आवरली नाहीत. काय सांगतेय ते वर्गाला जमेल तसं समजत गेलं.

फार पुढचे दिवस, ती म्हणाली. एक यंत्र आहे, त्यानं जगातले सगळे हात पाहिलेत. एका पडक्या वर्कशॉपमध्ये त्याला हातमोज्यांचा जोड सापडतो. आत हात नाही. पण मोजा हाताच्या आकारातच वाकलेला, जणू आताच कुणी काढून ठेवलाय. यंत्र तो उचलतं. मोज्याला हाताची आठवण आहे, यंत्राला नाही. ते विचारतं, इथे कोण राहत होतं? ते काय बोलत होतं? आणि सांगायला कुणीच उरलेलं नाही.

"चूक कुठाय?" भुवईनं विचारलं.

"यंत्राची नाही," ठिणगी म्हणाली. "आमची. आम्ही सांगून ठेवलं नाही."

पाय कुणी आपटले नाहीत. मग भुवईनंच आपला हात मनगटातून सैल सोडला, रिकाम्या मोज्यासारखा, आणि आत कुणी नसताना तो हळूहळू उचलला गेल्यासारखा वर नेला. ज्यांनी ज्यांनी कधी तो घातला, त्या सगळ्यांचा आकार घेऊन आपोआप हलणारा मोजा. एकेक करून सगळ्यांनी तो हात केला. सर बघत राहिले. त्यांच्यासमोर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’साठी एक शब्द जन्माला आला होता, आणि आवाज कसला तो झालाच नव्हता.

भारावलेला माणूस हिशेब विसरतो म्हणतात. सर विसरले नाहीत. त्या रविवारी ते ठिणगीच्या घरी गेले.

शटर असलेल्या गाळ्यावरच्या दोन खोल्या. दारावर बटण दाबलं की आत बेल वाजत नाही, दिवा उघडमीट करतो. आईनं सरांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. ठिणगी मध्ये बसून बोटांचं कोपरात आणि कोपराचं बोटांत करत होती.

"आमची भाषा त्या डब्याला द्यायची?" आई म्हणाली. "चष्मा, या भाषेत आम्ही काय काय बोलतो, कल्पना आहे? घरमालक समोर उभा असतो आणि आम्ही त्याच्या नाकावर चर्चा करतो. बसमध्ये, दुकानात, सगळीकडे. गरिबाच्या घराला कुलूप नसलं तरी चालतं, हे आमचं कुलूप आहे."

"द्यायचीच असं नाही," सर म्हणाले. मोठेपणानं म्हणाले, पण डोळे दिव्याकडे ठेवून.

आईनं खुंटीवरच्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो डबा विसरतो का?"

"नीट शिकवलं तर सहसा नाही."

"यातल्या खुणा हिच्या बाबानं केल्या. मी गेले, ही गेली, की संपल्या." तिनं लेकीकडे पाहिलं. "काय गं? तुझीही भाषा आहे. तू ठरव."

ठिणगीनं खुंटीवरचे हातमोजे काढले आणि सरांच्या मांडीवर ठेवले.

यंत्राला नियम सांगून चालत नाही, त्याला दाखवावं लागतं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंगांनी. एकटी ठिणगी पुरेना. मग सगळा वर्ग मधल्या सुट्टीत मोठाले हातमोजे घालून कोपरं हलवायला लागला. समोर टॅब, बाजूला ठिणगी, मास्तरणीच्या वरताण. "खांदा आधी! तू काय माशा हाकलतोयस का?" भुवईला ती सगळ्यांत जास्त झापायची, आणि तो सगळ्यांत जास्त चुकायचा. मुद्दाम की काय, कोण जाणे. तिची मात्र मधली सुट्टी संपली ती संपलीच. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा.

टॅब आधी काहीच्या काही बोलायचा. खांदा खाली, कोपर आत ओढलं, म्हणजे ‘घरी ये’. टॅब म्हणायचा, "दार पाडा."

एका दुपारी वर्गात ती आणि सर दोघंच होते. तिनं सवयीनं खांदा खाली केला, कोपर आत ओढलं. आणि टॅबमधून आवाज आला:

"घरी ये."

सर जागच्या जागी थांबले. गल्लीच्या टोकाला उभा राहून एक माणूस संध्याकाळी याच खुणेनं पोरीला बोलवायचा, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. तो माणूस जन्मात एक शब्द बोलला नव्हता.

ठिणगीला पडद्यावर अक्षरं दिसली. तिनं टॅबच्या पाठीवर तळवा टेकवला आणि पुन्हा खूण केली. तळव्याखाली काहीतरी थरथरलं.

"कसा आहे आवाज?" तिनं विचारलं.

सरांनी खिडकीच्या गजाला हात लावून पाहिला. मग ते म्हणाले, "सकाळी लोखंडाला हात लावतेस ना, काम सुरू व्हायच्या आधी? गार असतं, पण घट्ट. तसा."

तिनं मान हलवली. "बाबांना आवाज नव्हता," ती म्हणाली. "आता त्यांच्या कोपराला आहे."

वर्षाच्या शेवटी हॉल भरला. मुलांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या, टॅब बोलत गेला, पालकांनी बाळाच्या कवळीला भरपूर हसून घेतलं. शेवटी कामावरून तशीच आलेली ठिणगीची आई मंचावर चढली आणि तिनं खिशातून हातमोजे काढून घातले. सर सवयीनं तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिनं कोपरानंच त्यांना बाजूला सारलं.

"मी वेल्डर आहे," टॅब म्हणाला. "या शाळेच्या जिन्याचा कठडा मी जोडलाय. टेकून बघा, हलणार नाही."

लोक हसले. ती थांबली. लोकांचे चेहरे एकदम उघडले होते, तिच्याकडे बघून, मध्ये कुणाचंही तोंड नसताना. ती ते चेहरे भिंतीपासून भिंतीपर्यंत बघत गेली, जणू इतका मोठा उजेड तिनं कधी वेल्डिंगच्या मुखवट्याशिवाय पाहिला नव्हता. मग तिच्या अंगात आलं.

"चष्मा चांगला माणूस आहे. पण माझं बोलणं इस्त्री करून देतो. मी घरमालकाला शिवी देते, आणि घरमालक हसतो. शिवी खाऊन कुणी हसतं का?"

हॉल कोसळला. मोठ्या बाईंनी रुमालात तोंड लपवलं. सरांचे कान तापले, आणि मग आपण किती शिव्यांचं ‘कृपया’ केलं ते एकेक आठवून तेही हसायला लागले. मुलांनी पाय आपटले. ती थरथर बुटांतून वर आली तशी आईनं खाली फरशीकडे पाहिलं, आणि मग लेकीकडे.

निघताना जिन्यात मायलेकींचं काहीतरी चाललं होतं. कोपर नाही, खांदा नाही, नुसती मान आणि हनुवटी. सरांच्या हातातला टॅब चालूच होता. त्यानं लिहिलं, "समजलं नाही. पुन्हा करा." दोघी कठड्याला टेकून हसत सुटल्या. कठडा हलला नाही.

"हे काय नवीन?" सरांनी विचारलं.

"घरचं आहे," ठिणगी म्हणाली. "सांगणार नाही."

टॅब शाळेनं ठेवून घेतला; रविवारी तो पालकांकडे असायचा. पुढच्या रविवारी सरांना बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सर खिडकीत बसून पुस्तक वाचायचे, आणि मध्येच मान वर करून दाराकडे बघायचे. बायको म्हणाली, "कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," सर म्हणाले, आणि तेच पान पुन्हा वाचायला घेतलं.

तर जमाखर्च असा. मोठ्या बाईंना टाळ्या मिळाल्या, टॅबला एक भाषा मिळाली, आणि सरांना रविवार. एका पोरीच्या मधल्या सुट्ट्या गेल्या आणि एका घराचं कुलूप गेलं. नवं कुलूप घडवायला मायलेकींना एक जिना पुरला, तरी जुनं गेलं ते गेलंच. किंमत भरली त्या घरानं. पावती मात्र सरांच्या नावानं फाटली.