वाकायची भीती

हातातून निसटलेला साबण उचलायला ड्रायव्हरबाई वाकल्या आणि तशाच अडकल्या. नळ धरून पाऊण तास. शेवटी नवऱ्याने दार ढकलून त्यांना पलंगापर्यंत नेलं. कंबर तीन वर्षं दुखतच होती, पण त्या दिवसापासून त्यांनी वाकणंच सोडलं. खाली पडलेली वस्तू पायाने सरकवायची, बंदांच्या चपला घालायच्या नाहीत.

बस मात्र रोज चालवायची होती. त्यांच्या मार्गावर एकतीस गतिरोधक. प्रत्येकाच्या अलीकडे त्या दात आवळून घ्यायच्या. ऐन वेळी कंबर धरली आणि ब्रेकवर पाय पडलाच नाही तर? मागे पन्नास माणसं. हा विचार एकदा डोक्यात शिरला की शेवटच्या थांब्यापर्यंत तळहात ओलेच. त्यात दीड महिन्यावर डेपोची वैद्यकीय तपासणी. नापास झालं की स्टिअरिंग सुटलं.

मध्यंतरी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलं होतं, मणक्यांमधली चकती झिजली आहे. तो कागद त्यांनी इतक्यांदा उघडला, की घडीवर फाटला.

नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या एका गिऱ्हाइकाने फिजिओचा पत्ता दिला. साठीचा माणूस, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्याने आधी प्रश्न विचारले. पाय बधिर होतो का? लघवी व्यवस्थित कळते ना? तसं काही नव्हतं.

"मग बरं."

"पण चकती झिजलीय म्हणे."

"या वयात केस पिकतात, तसं आतही थोडं होतंच. ज्यांचं काही दुखत नाही, त्यांच्या रिपोर्टातही हे सापडतं. तुमची पाठ काचेची नाही, बाई."

मग त्याने तळव्यांनी एकेक मणका चाचपला, कडक झालेल्या जागी सावकाश दाब दिला. "इथे हात लावला की तुम्ही श्वास धरता," तो म्हणाला. वीस मिनिटांनी बाई उठल्या तेव्हा पाठ हलकी झाली होती. तिसऱ्या दिवशी दुखणं परत हजर.

"रोज येते, रोज दाबून द्या," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातांनी दोन दिवस सैल पडेल. तेवढ्यात व्यायाम केलात तर टिकेल. तो मला तुमच्यासाठी करता येत नाही."

उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा वेळा. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायची. आणि शेवटी, पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून रिकामी बादली उचलायची. पहिले दोन बाईंनी नेमाने केले. बादलीला हात लावला नाही, आणि केलं म्हणून सांगितलं.

"बादली उचलत नाही तुम्ही," दुसऱ्या आठवड्यात फिजिओ म्हणाला.

"कशावरून?"

"बसताना अजून खुर्चीला दोन्ही हात टेकता. मला ऐकू येतं."

बाई ओशाळल्या. तरी घरी बादलीपाशी जाऊन तशाच परत फिरायच्या.

तपासणीला नऊ दिवस उरले असताना एका खड्ड्यात बस आदळली. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळवेना. "झालं, सगळं मुसळ केरात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने दुकान बंद ठेवलं आणि त्यांना रिक्षाने फिजिओकडे नेलं.

फिजिओने पाय उचलून पाहिले, पुन्हा तेच प्रश्न विचारले, मग हलक्या हाताने पाठ मोकळी केली. "दुखणं वाढलं म्हणजे काही मोडलं असं नाही," म्हणत त्याने कोपऱ्यातली बादली पुढे सरकवली. तळाला थोडं पाणी होतं.

"आज नको."

"आजच. मी शेजारी उभा आहे."

बाई वाकल्या. खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. कडी हातात आली, बादली जमिनीवरून सुटली. त्या सरळ झाल्या.

"दुखलं?"

"दुखलं."

"आधीपेक्षा जास्त?"

बाईंनी कंबर चाचपली. "होतं तेवढंच," म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. नवरा उगाच खिशातला टेप गुंडाळत बसला.

त्यानंतर त्या रोज बादली उचलू लागल्या. भीती वाटायचीच, पण हात थांबत नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कंबरेचा काही त्रास?" नाही म्हणायचं त्यांनी महिनाभर घोकलं होतं. तोंडातून 'हो' निघालं. मग सगळंच सांगितलं. डॉक्टरांनी वाकायला लावलं, पाय ताठ उचलून पाहिले, पेडलवर जोर लावायला सांगितलं. बराच वेळ लिहीत राहिले.

'पात्र. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. बसची सीट दुरुस्त करावी.'

सहा महिनेच, हे त्यांनी बाहेर येऊन चारदा वाचलं. धाकधूक गेली नव्हती. पण सीट त्याच आठवड्यात बदलून मिळाली.

पुढच्या सोमवारी शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तेव्हा बाईंनी मागच्या मोकळ्या जागेत चटई अंथरली. कंडक्टर डोकावला.

"ताई, काही हरवलं का?"

"नाही. कंबर उचलतेय. सहा वेळा झाली."

तो शेजारच्या सीटवर टेकला. "माझीपण दुखते," हळूच म्हणाला.

"मग बघून ठेवा," म्हणत बाईंनी सातव्यांदा कंबर उचलली.