चाचणीपुरतं ‘मान्य’

कट्... त्या एवढ्याशा आवाजाने स्वयंपाकघरातला अबोला तडकला. औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही – मुलांच्या हाती लागू नये म्हणून केलेली सोय – आणि वर्षभर ती हा आवाज नळाच्या धारेत बुडवत आली होती. आज लपवायचं कुणापासून? सासूबाई समोरच भाजी निवडत बसल्या होत्या.

“आज नळ नाही सोडलास?”

तिने गोळीचे दोन तुकडे करताना बोट जरा जास्तच दाबलं, एका तुकड्याचा भुगाच झाला...

काल ती फोन घरी विसरली. सासूबाईंनी तो उचलला, ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर टाकला – आणि विमा कंपनीतली कुणी मधाळ आवाजात सांगू लागली की लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे तुमचे पैसे दर महिन्याला जातात, झटक्यांच्या औषधांचेही, तेव्हा मुलीच्या विम्याचा हप्ता... शेजारीच नात, भिंगरी, चित्र रंगवत होती.

“पोरीला झटके, आणि मला सांगता शक्तीचं औषध! मी परकी, आणि ती कंपनी तुझी सख्खी?”

परकी नाही हो. पण शेजारची ती मुलगी लग्न होऊन गेली, तरी तुमच्या तोंडी अजून ‘फिटवाली’च आहे. माझ्या भिंगरीला तेच नाव पडू द्यायचं होतं का मी?

आणि सांगितलं कुणी? तिनेच. बँकेच्या संमती विभागात ग्राहकाची माहिती त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये, याची राखण तिच्याकडे. ‘तुमच्या खात्याचे व्यवहार विमा कंपनीला दाखवू का?’ असं विचारणारा मोबाइलवरचा नवा पडदा तपासायचा होता, ग्राहकांच्या खात्यांना हात लावायचा नाही हा तिचाच दंडक, म्हणून सगळ्यांनी आपापली खाती वापरली – चहाचा घोट, मान्य, बिस्किट, पुन्हा मान्य – आणि चाचणी संपल्यावर तिची संमती पुसून टाकायची राहून गेली. इतरांची पुसली होती, तिने स्वतः, आठवणीने.

“आत्ता काढून टाकतो, मॅडम,” काल रात्री तिने फोन केल्यावर बँकेतले साहेब हसत म्हणाले होते. “पण गेलेलं थोडंच परत येतंय?”

हसला मेला!... पण राग तिथे ठरेना. सासूबाईंवर नेला, तिथेही ठरेना. फिरून फिरून तो तिच्याच बोटावर येऊन बसत होता, पांढऱ्या भुग्यासारखा.

“पाज की,” सासूबाई म्हणाल्या, “शक्तीचं!”

तिने भुगा पाण्यात कालवला, भिंगरीला मांडीवर घेतलं. केसांना अजून झोपेचा वास होता. चमचा ओठांशी नेला तशी भिंगरीने तो हाताने अडवला, आणि कपाळावर एक आठी घालून – हिला आठी कधीपासून पडायला लागली? – तिच्याकडे पाहिलं.

“आई, त्या फोनवाल्या मावशीला माहितीये मला काय होतं ते. मग मला का नाही विचारलं कुणी, तिला सांगू का म्हणून?”