शेवटाचा अंदाज

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला लगामही नाही. नव्या तमिळ प्रेमकादंबऱ्या वाचायच्या आणि यूट्यूबवर त्यांची सालं काढायची, हा माझा उद्योग. चेहरा दाखवत नाही, नुसता आवाज. चॅनलचं नाव 'कसप्पु काप्पी', म्हणजे कडू कॉफी. पहिल्याच पानावर नायक नायिकेला धडकला आणि तिची पुस्तकं खाली पडली, की मी विचारते, "का रे बाबा, तंजावूरच्या रस्त्यांवर खड्डे कमी पडले का, म्हणून आता माणसंही धडकायला हवीत?" ऐकणाऱ्यांना हे फार आवडतं. लिहिणाऱ्यांना आवडत नाही, पण त्याची मी कधी फिकीर केली नाही.

माझी एक पद्धत आहे. हल्ली या कादंबऱ्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये भागाभागाने येतात. शेवटचा भाग यायच्या आधी मी पहिला व्हिडिओ टाकते आणि त्यात शेवट काय होणार ते छातीठोकपणे सांगते. शेवट आला की दुसरा व्हिडिओ. माझा अंदाज सहसा चुकत नाही. चुकला तर लोक माझीच सालं काढतात, आणि त्यातही मजा असते.

रेकॉर्डिंग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, पंखा बंद करून. सोबतीला सरोजाअक्का, माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झाल्या, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या याच मराठी घरात जन्मल्या आणि इथेच राहिल्या. मी बोलत असते तेव्हा त्या खाली विळीवर भाजी चिरत बसतात, पोटातलं पाणी हलत नाही. बाकी वेळ मोबाइलवर टकटक चाललेली. आम्हाला वाटायचं, जुन्या मैत्रिणींना सुप्रभात पाठवतात.

त्या आठवड्यात 'पाण्यावरची माळ' नावाची कादंबरी संपायला आली होती. लेखिकेचं टोपणनाव 'काविरी', म्हणजे तमिळमधली आपली कावेरी. कल्याणी नावाची तेविशीची मुलगी तिरुवैयारूला गाणं शिकायला जाते, मृदंग वाजवणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडते. एका ओसाड देवळात तो तिच्या गळ्यात माळ घालतो. ती माळ ती बिस्किटाच्या डब्यात लपवते. बापाला कळतं, घरात कोंडलं जातं. शेवटून दुसऱ्या भागात आडी अठराला, म्हणजे आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीच्या सणाला, ती डबा घेऊन नदीच्या पायऱ्यांवर उभी आहे, आणि तो काही आलेला नाही. साल कुठे दिलेलं नव्हतं.

मी तर तुटूनच पडले. "लेखिकाबाई, जरा खिडकीतून बाहेर बघा! आजची कुठली मुलगी परकरावर दावणी, ती अर्धी साडी, नेसून क्लासला जाते? आणि तो तिला काय देतो, तर कॅसेट! माझ्या मुलीला कॅसेट दाखवली तर ती त्यात साबण ठेवेल. सुकलेली माळ डब्यात जपते म्हणे. आमच्या घरी दोन दिवसांत झुरळांनी फस्त केली असती. आता शेवटाचा अंदाज सांगते, लिहून ठेवा. ही पोरगी नदीत बुडायची नाही. बुडायलाही धमक लागते, ती हिच्याकडे नाही. साडी ओली करून घरी येईल आणि जन्मभर भाजी चिरत बसेल."

अक्कांचा विळीवरचा हात थांबला. रेकॉर्डिंग बंद केल्यावर मी विचारलं, "फार बोलले का हो अक्का?"

"नाही गे. बरोबर बोललीस," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या शेंगा चिरून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी खरोखरची आडी अठरा होती. आमच्याकडे या दिवशी बायका चित्रान्नाचे डबे घेऊन कावेरीवर जातात, नव्या पाण्याची पूजा करतात, हळदीचा दोरा बांधतात. नव्याने लग्न झालेल्या मुली लग्नातली जपून ठेवलेली माळ पाण्यात सोडतात. आमचे हे, शेषाद्री, कुंभकोणला गेले होते. लेक हरिप्रिया उठल्या उठल्या स्कूटर काढून पसार. अक्का पिशवी घेऊन दाराशी आल्या, "नदीवर जाऊन येते गे, भुवना." मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "व्हा पुढे, मला कमेंटना उत्तरं द्यायचीत." थोडा वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या, मग गेल्या.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'ही गोष्ट तुमच्याच गावची ना? मराठी बोलणारं घर, राजवाड्यामागची गल्ली.'

आमच्यासारखं मराठी घर? कुठे? मी वर्णनं वाचतच नाही, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये संवाद तेवढे चाळते. ॲप उघडलं आणि शेवटून दुसरा भाग नीट वाचायला घेतला. कल्याणीच्या घराचं मागचं दार पायाने रेटून वर उचललं तरच उघडतं. मी मान वळवून आमच्या मागच्या दाराकडे बघितलं. मग बापाचं वाक्य आलं, तमिळ अक्षरांत छापलेलं मराठी: 'उंबरा ओलांडलास तर तुझं नाव पाण्यावर लिहिलं होतं असं समजेन.' हे माझ्या सासऱ्यांचं वाक्य! आमचे हे वडिलांची नक्कल करतात तेव्हा हेच म्हणतात. हे आमच्या चार भिंतींबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही.

 ही गोष्ट आमच्या घरातल्या मुलीने लिहिली होती, आणि घरात मुलगी एकच.

मागच्या महिन्यात हरिप्रियाने तिच्या ऑफिसातल्या प्रवीणकुमारचं नाव घेतलं होतं. मुलगा आपल्यातला नाही म्हणून यांनी तोंड फिरवलं, आणि मी, एरवी जगाला शहाणपण शिकवणारी, "बघू" म्हणून गप्प बसले. तेव्हापासून पोर घरात कामापुरतंच बोलत होती. माझे व्हिडिओ तीच कापून जोडून देते. म्हणजे बुडायला धमक लागते, हे तिने कानाला हेडफोन लावून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं असणार. देवा! उचलली जीभ लावली टाळ्याला!

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला नाही माहीत काकी."  एका पायात माझी चप्पल, एका पायात यांची, अशी मी अंगणात उभी. रिक्षा कुठे मिळेल तेही सुचेना. डोळ्यांपुढे नुसत्या पायऱ्या आणि पाणी. खरं सांगते, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

आणि मागचं दार धाडकन वाजलं. हेल्मेट हातात घेऊन हरिप्रिया आत आली. "अम्मा, चार्जर दे ना, फोन मेला माझा."

मी आधी तिला मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा घातला. "का लिहिलंस असलं? का?"

"काय लिहिलं?"

मी तिच्या नाकापुढे मोबाइल धरला. तिने उभ्या उभ्या वाचलं. "अम्मा, मला असं तमिळ लिहिता येतं का? मी मेसेजसुद्धा इंग्रजी अक्षरांत पाठवते. आणि दावणी काय, कॅसेट काय! तूच खिदळत होतीस ना, ही कुठल्या काळातली मुलगी म्हणून?"

एवढं बोलून ती थांबली.  ही कुठल्या काळातली मुलगी? ज्या चुका मी मोजून दाखवल्या होत्या, त्या चुका नव्हत्याच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं माझं.

"अम्मा," हरिप्रिया हळूच म्हणाली, "आत्या कुठे गं?"

अक्कांची खोली नेहमीसारखी आवरलेली. उशीवर बिस्किटाच्या डब्याचं झाकण पडलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला फुलांचा तपकिरी भुगा चिकटलेला. डबा नव्हता. माझ्या मागून हरिप्रियाची हाक आली. तिच्या टेबलावर अक्कांच्या दोन सोन्याच्या बांगड्या ठेवलेल्या होत्या. माझ्या लग्नापासून त्या बांगड्या मी अक्कांच्या हातातून उतरलेल्या पाहिल्या नाहीत.

"ह्या माझ्या टेबलावर का ठेवल्या?" तिने विचारलं.  परत न येणारं माणूसच सोनं असं मागे ठेवतं, हे दोघींनाही कळलं होतं. मी तिचं हेल्मेट तिच्या हातात कोंबलं.

स्कूटरवर मी तिच्या कमरेला घट्ट धरून बसले. कावेरीच्या घाटाकडे जाणारा तिरुवैयारूचा रस्ता त्या दिवशी माणसांनी फुललेला. पोरं चिपाडाचे रथ ओढत होती, बायका हसत होत्या, आणि मला प्रत्येक हसणाऱ्या बाईचा राग येत होता. मी पुटपुटत होते, काविरी अम्मा, मी वाट्टेल ते बोलते, माझी जीभ घे, पण तिला परत दे. अक्का भाजी चिरत बसायच्या! माझ्याच शेजारी, माझ्याच घरातल्या शेंगा! आणि मी त्यांच्याच डोक्यावरून बोलत होते.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. हळद, कापूर, केळीची पानं, ओल्या साड्या. पाणी दोन्ही काठ भरून वाहत होतं. तपकिरी सुती साडी दिसली म्हणून मी एका बाईचा खांदा धरून ओढला, तर भलतीच. दुसरीही भलतीच. "अक्का! अक्का!" मी ओरडले आणि अर्धा घाट माझ्याकडे वळला. तमिळ मुलखात कोण कुणाची अक्का नाही? भाजीवाली अक्का, फुलवाली अक्का, पोलीसबाई अक्का. सगळ्यांनी वळून बघितलं, आमच्या अक्कांनी नाही.

मग हरिप्रियाने बोट दाखवलं. गर्दीपासून दूर, घाटाच्या पार टोकाला, जिथे पायऱ्या तुटल्या आहेत, तिथे कमरेएवढ्या पाण्यात एक बाई पाठमोरी उभी होती. रिकामा डबा पायरीवर. तिच्यापुढे काहीतरी तपकिरी तरंगत लांब चाललं होतं, आणि ती त्याच्या मागे एक पाऊल टाकत होती. मग आणखी एक.

"अक्का!" माझा घसा फाटला. ती वळली नाही.

मोठ्या नणंदेला नावाने हाक मारायची नसते. या घरात आल्यापासून मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. सासू-सासरे गेल्यावर ते नाव घेणारं कुणी उरलंच नव्हतं.

"सरोजा!" मी ओरडले. "ए सरोजा! इकडे बघ!"

ती थांबली. सावकाश वळली. तोंडावर असं आश्चर्य, जणू कुणी झोपेतून उठवलंय. मी साडीसकट पाण्यात शिरले, दोनदा घसरले, आणि तिचं मनगट धरलं. बांगडी नसलेलं मनगट, थंडगार.

"नाव घेतलंस की गे माझं," अक्का म्हणाल्या.

"घेतलं. पुन्हा घेईन. चला वर."

त्या आल्या.  हरिप्रियाने आत्याच्या खांद्यावर आपली ओढणी टाकली आणि रडत रडत स्कूटरकडे गेली. तिघींना तिच्यावर बसता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी ओल्या कपड्यांनी टाउन बसमध्ये चढलो. अक्का खिडकीशी, मी त्यांच्या कडेला, मधे वारा जाईल एवढीही जागा न सोडता. मनगट मी धरूनच ठेवलं होतं.

बस सुटली आणि माझा फोन वाजला. ॲपचा निरोप होता: 'पाण्यावरची माळ', शेवटचा भाग प्रसिद्ध झाला आहे.

अक्का माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांचा फोन पिशवीत होता. म्हणजे भाग आपोआप यावा म्हणून घरातून निघतानाच वेळ लावून ठेवली होती. मी एका हाताने भाग उघडला. भाग लहान होता. कल्याणी माळ पाण्यात सोडते. एकदा मागे वळून घाटाकडे बघते. एवढ्या बायका, एवढा गोंगाट, पण तिचं नाव घेऊन हाक मारणारं तिथे कुणीच नसतं. मग ती माळेमागे चालू लागते. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मला थंडी वाजायला लागली. भर दुपारी, आडीच्या उन्हात, दात वाजायला लागले.

"वाचलंस?" अक्कांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"वाचलं."

"कसं झालंय?"

जगातल्या प्रत्येक कादंबरीबद्दल माझ्याकडे बोलायला काहीतरी असतं.  तेव्हा मी नुसती रडले.

"खोटं झालं गे ते," अक्का म्हणाल्या. "मी लिहिलं, कुणी हाक मारत नाही म्हणून. तू मारलीस. आता बदलायला पाहिजे."

"बदला अक्का. आजच बदला. घरी जाऊन, माझ्यासमोर."

"आणि तुझा अंदाज?"

"आग लागो माझ्या अंदाजाला."

अक्का थोडं हसल्या. ते हसू पाहूनही माझी भीती गेली नाही. ती आजही गेलेली नाही, त्या न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिल्या तरी मी बाहेरून हाक मारते, आणि नावानेच मारते.

कंडक्टर आला. आमच्याकडे टाउन बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत, पण तिकीट हातात घ्यावं लागतं. दोन्ही तिकिटं अक्कांनीच घेतली, कारण माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातातलं त्यांचं मनगट मी सोडलंच नाही.